लाल वाइनची तोंडओळख

द्राक्षासवाची बाटली ज्या घरात कधीच आली नाही, असे मराठी मध्यमवर्गीय घर शोधावयाचे म्हटले तर बरीच पायपीट करावी लागेल. आजारातून उठलेल्या माणसाला, भूक नसलेल्या पोराला, अंगावर मांस न धरणाऱ्या सुनेला घरातली वडीलधारी बाई दोन चमचे द्राक्षासव तितकेच पाणी घालून देई, आणि घेणाऱ्याचे तोंड वाकडे झाले तर त्याला दटावी. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच करतात, त्यांत धायटीची फुले घालतात, आंबताना मद्यार्क आपोआप तयार होतो, हे सारे वैद्य जाणतात. कित्येक बाटल्यांवर तसे छापलेलेही असते. पण त्याच द्राक्षांची, त्याच आंबण्याच्या क्रियेने झालेली लाल वाइनची बाटली आली की ती उंबरठ्यावरच अडते. पहिलीला औषध म्हणतात आणि दुसरीला दारू, एवढ्यावर हा निवाडा होतो.

हा निवाडा अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याच घरात त्याला कारण आहे. माझ्या सासूबाईंचे धाकटे बंधू गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली, आणि पुढच्या सहा वर्षांत त्यांनी घर, अंगठी आणि शेवटी स्वतःला बाटलीत बुडवले. ती बाटली वाइनची नव्हती, हे खरे. पण ज्या बहिणीने भावाला रात्री-अपरात्री फुटपाथवरून उचलून आणले, तिला बाटल्या-बाटल्यांतला भेद समजावून सांगण्यात अर्थ नसतो. तेव्हा दोन वर्षांपूर्वी आमच्या यजमानांनी आणि नणंदेच्या यजमानांनी घरी तीन वाइन्स चाखून पाहण्याचा घाट घातला, त्या वेळी पहिला प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांनी नाही म्हटले नाही. अटी मात्र घातल्या. त्या पुढे सांगेन.

आधी एक खुलासा करते. हा लेख पिण्यावर नाही, चाखण्यावर आहे. हे दोन धंदे वेगळे आहेत. पिणाऱ्याला परिणाम हवा असतो आणि चाखणाऱ्याला फरक. ज्यांचा हाच धंदा, ते लोक दिवसाकाठी डझनांनी वाइन्स चाखतात आणि घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. हे ऐकून पुष्कळांना किळस येते. पण ज्या समाजात पानाच्या तबकाशेजारी पितळी तस्त ठेवणे हे खानदानीपणाचे लक्षण होते, त्या समाजाने तरी नाक मुरडू नये! माळ्यावर एखादी जुनी पिकदाणी पडली असेल तर ती घासूनपुसून खाली काढा. तिच्या नशिबी एवढे सन्मानाचे काम पुन्हा येईल असे तिला वाटले नसेल.

आता ह्या विषयातील दुसरी अडचण म्हणजे नाकाने कांदे सोलणारी मंडळी. बाटलीवरचे फ्रेंच नाव घशातून उच्चारणारी, पेला उजेडात धरून डोळे मिटणारी ही मंडळी नवख्या माणसाला इतका धाक घालतात की तो आपल्या जिभेवरचा विश्वासच गमावून बसतो. अशांच्या धाकाला दोन उतारे आहेत. पहिला पॅरिसचा. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरिए ह्या पॅरिसमध्ये दुकान चालविणाऱ्या इंग्रज वाइनविक्रेत्याने नऊ फ्रेंच जाणकारांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन्स, नावे झाकून, ठेवल्या. लाल वाइन्समध्ये बोर्दोची मुतों रोथशिल्ड, ओ-ब्रियाँ अशी घराणी होती. निकाल लागला तेव्हा लालमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ सालची; आणि पांढऱ्यांतही कॅलिफोर्नियानेच बाजी मारली. परीक्षक फ्रेंच, जागा फ्रेंच, अभिमानही फ्रेंच. नाव तेवढे झाकलेले होते.

दुसरा उतारा खुद्द बोर्दोचाच आहे. तेथील वाइनशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून हुंगावयास दिली. ह्या प्रयोगाचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या पांढऱ्या वाइनला लाल वाइनला लावतात तीच विशेषणे लावली. नाकाने डोळ्यांचे ऐकले. आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी वीस जणांना एकच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली, तेव्हा नव्वद डॉलरचा घोट घेताना मेंदूतला सुखाची नोंद करणारा भाग अधिक जागा झाला. म्हणजे माणसे ढोंग करीत नव्हती. त्यांना ती खरोखरच अधिक चांगली लागली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार. मला तर हा दुसरा निष्कर्ष पहिल्याहून भयंकर वाटतो, कारण ढोंग उघडे पाडता येते, पण खरोखर झालेल्या सुखाशी भांडावयाचे कसे?

ह्यावर घरगुती उपाय एकच. नावे झाका.

पद्धत सोपी आहे. तीन बाटल्या घ्याव्यात, चारपेक्षा अधिक कधीही नव्हेत. पाचव्या पेल्याला जीभ दमते. ज्याला चाखावयाचे नाही अशा माणसाने बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून क, ख, ग अशी अक्षरे घालावीत. पेले सारखे असावेत, वर तोंडाशी थोडे निमुळते, म्हणजे वास आत कोंडून राहतो. (ह्या कामासाठी लागणाऱ्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा १९७७ साली ठरले आहे, त्यात काठोकाठ सव्वादोनशे मिलिलिटरदेखील मावत नाही.) ओतावयाचे ते पन्नास मिलिलिटर, म्हणजे आपली चहाची कपबशी अर्धीसुद्धा भरणार नाही इतके. साडेसातशेच्या बाटलीत असे पंधरा वाटे होतात.

आणि एक गोष्ट पुस्तकांवर विसंबून करू नका. लाल वाइन घरातल्या हवेइतक्या उबेवर द्यावी असे पाश्चात्त्य लिहितात, ते त्यांच्या घरांबद्दल. तिकडची खोली सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये बत्तीस अंशांवर उघडलेली लाल वाइन म्हणजे नुसता मद्यार्काचा भपकारा. बिचाऱ्या द्राक्षाचा पत्ताच लागत नाही. बाटली पाऊण तास शीतकपाटात ठेवून मग काढावी. नव्वद टक्के लोक ज्या वाइनला उग्र म्हणून नावे ठेवतात ती उग्र नसते, तापलेली असते, असा माझा तरी कयास आहे.

चाखताना कोणी बोलू नये. प्रत्येकाने आधी कागदावर लिहावे. पहिला बोलणारा मनुष्य जर जरा मोठ्या आवाजाचा असेल तर बाकीच्यांच्या जिभेवर त्याचेच शब्द येतात. हे मी स्टाफरूममध्ये रोज पाहते, त्याला वाइनच लागते असे नाही. दोन पेल्यांच्या मध्ये साधे पाणी आणि पावाचा तुकडा. क पासून ग पर्यंत गेल्यावर पुन्हा ग पासून क पर्यंत यावे, कारण लाल वाइनचा तुरटपणा तोंडात साचत जातो आणि शेवटच्या पेल्यावर अन्याय होतो.

तुरट! ह्या शब्दापाशी मला जरा थांबू द्या, कारण इथे मराठीच्या मास्तरणीला बोलावयास जागा आहे. इंग्रजीत ह्या चवीला जो शब्द आहे तो पुस्तकी आहे; तो तिथल्या पोरांच्या तोंडी नसतो. आपल्याकडचे तीन वर्षांचे मूल जांभूळ खाऊन जीभ बाहेर काढून 'तुरट' म्हणते. आवळा, हिरडा, सुपारी, कच्चे केळे, काजूचे बोंड, एवढा मोठा गोतावळा आपण तुरट ह्या एका शब्दाने ओळखतो. आपल्या शास्त्रकारांनी षड्रसांत त्याला मानाचे पान दिले: कषाय. गंमत अशी की कषाय म्हणजे काढाही आणि तांबूस रंगही. संन्याशाच्या काषाय वस्त्रात तोच शब्द आहे. सालींचा काढा तुरट, आणि त्यात भिजवलेले वस्त्र तांबूस! लाल वाइनमध्ये हा तुरटपणा येतो तो टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे, आणि ती येतात मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून व बियांतून. टॅनिन हे नावही कातडे कमावण्याच्या धंद्यातले आहे. युरोपात त्यासाठी ओकची साल वापरीत, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. ही द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, तोंडाचा बुळबुळीतपणा जातो आणि जिभेला खरखर लागते. म्हणजे लाल वाइनचा घोट घेताना आपण आपली जीभ किंचित कमावून घेत असतो असे म्हणावयास हरकत नाही.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात रंगहीन असतो. रस सालींसकट आंबवला तर वाइन लाल होते. साली आधीच काढल्या तर पांढरी. रंग सालीचा, तुरटपणा सालीचा. तेव्हा लाल वाइन म्हणजे सालीची वाइन. ती चाखताना शोधावयाचे ते हेच: तुरटपणा किती, आणि कशासारखा? उत्तम जांभळासारखा, जो क्षणात विरतो? की कच्च्या केळ्यासारखा, जो टाळूला चिकटतो? आंबटपणा किती, दात आंबण्याइतका की तोंडाला पाणी सुटण्याइतका? गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ मागे रेंगाळते? मनात दहा आकडे मोजून पाहावे.

आता वास. १९८४ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात अ‍ॅन नोबल ह्या विदुषींनी वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. त्यात सुंदर, खानदानी, डौलदार असले शब्द घालावयाचे नाहीत असा दंडक होता. ज्याचा नमुना नाकापुढे धरता येईल तोच शब्द घ्यावयाचा. भिजलेल्या कुत्र्याचा वासही त्यात आहे. हा दंडक मला फार आवडला. मराठी समीक्षेलाही तो काही वर्षे लावून पाहावा. पण त्या चक्रातली ब्लॅकबेरी आणि ब्लॅककरंट आपण कधी हुंगली आहेत? ज्याने करवंदाची जाळी पाहिली आहे त्याने करवंद म्हणावे. ज्याला कोकम माहीत आहे त्याने कोकम म्हणावे. आणि नमुने पाहिजेत तर मिसळणाचा डबा घरात आहेच.

ह्यात ओढूनताणून आणलेले साम्य नाही. शिराझ जातीच्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो असे लोक पूर्वीपासून म्हणत. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले की मिरीत आणि शिराझमध्ये हा वास देणारे द्रव्य एकच आहे, रोटंडोन. त्यांनी हेही दाखविले की सुमारे पाचातल्या एका माणसाला ते द्रव्य हुंगताच येत नाही! तेव्हा एकाच टेबलाशी बसलेल्या दोघांत 'मिरी आहे', 'मिरी नाही' असा वाद जुंपला तर दोघेही खरे बोलत असू शकतात. कॅबर्ने सोव्हिन्यों ह्या जातीला, विशेषतः द्राक्षे पुरती पिकली नसतील तर, हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. तेथेही द्रव्य ढोबळी मिरचीतलेच. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला व्हॅनिलाचा आणि लवंगेचा वास येतो, कारण लाकडातून व्हॅनिलिन आणि लवंगेतले युजेनॉल उतरते. अमेरिकन ओक असेल तर चक्क ओल्या नारळाचा.

तर आमच्या घरी मांडलेल्या तीन बाटल्या अशा होत्या: नाशिककडची शिराझ, कर्नाटकातील नंदी टेकड्यांकडची कॅबर्ने, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या सांजोव्हेजे द्राक्षांची. सांजोव्हेजे हे इटलीतल्या कियांतीचे द्राक्ष. उसासाठी प्रसिद्ध असलेल्या अकलुजात ते पिकते हे सांगितल्यावर माझ्या माहेरच्या मंडळींनी माझ्याकडे संशयाने पाहिले होते. सासूबाईंच्या अटी तीन. एक, कोणाचाही पेला दुसऱ्यांदा भरावयाचा नाही. दोन, उरलेले रात्रीच्या रात्री मोरीत ओतावयाचे. घरात बाटली वस्तीला राहणार नाही. तीन, ओतणार त्या स्वतः. मला वाटते तिसरी अट मुद्दामच होती. किती गेले आणि कोणाकडे गेले, ह्याचा हिशेब त्यांना आपल्या हाती हवा होता.

त्यांनी औषध मोजावे तसे मापाने ओतले. आम्ही चौघे कागद पेन्सिल घेऊन परीक्षेला बसल्यासारखे बसलो. यजमानांनी सगळ्यांत महाग बाटली आपण डोळे मिटून ओळखू असे आठवडाभर सांगितले होते. त्यांनी ती शेवटच्या क्रमांकावर टाकली. नणंदेने कॅबर्नेला 'ओल्या पालेभाजीचा वास' असे लिहिले, आणि ते ढोबळी मिरचीच्या पुष्कळच जवळचे होते. मला अकलूजची आवडली. आंबटसर, हलकी, वाळवलेल्या चेरीपेक्षा पिकत आलेल्या करवंदाची आठवण देणारी. नणंदेच्या यजमानांना तिन्ही सारख्याच लागल्या, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, ह्याबद्दल मी त्यांना मनात गुण दिले.

मग सासूबाई म्हणाल्या, "मला नुसता वास द्या पाहू." पेला नाकाशी नेऊन त्यांनी एकदाच श्वास घेतला. "ही मिरीची आहे. कुटलेली नव्हे, अख्खी." ती शिराझ होती. नावे त्यांनाच ठाऊक, तेव्हा ह्यात काय विशेष, असे जावईबापू हसत म्हणाले. म्हणून आम्ही बाईंची तिकटी परीक्षा घेतली. ह्या परीक्षेत तीन पेले ठेवतात. दोहोंत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते सांगावयाचे. पेले मी आतल्या खोलीत भरले आणि डोळ्यांवर त्यांनी स्वतःच पदर घेतला. तिन्ही वेळा त्यांनी वेगळा पेला बिनचूक उचलला. नुसत्या अंदाजाने असे होण्याचा संभव सत्ताविसांत एक. चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात गोडा मसाला भाजणाऱ्या नाकाला ह्या आकड्याचे काही वाटले नाही. एक थेंबही जिभेला न लावता त्या घरातल्या सर्वांत चांगल्या परीक्षक ठरल्या.

बाटल्या मोरीत रिकाम्या करताना मात्र त्या बोलल्या, "त्याला कुणी असे वास घ्यायला शिकवले असते तर..." आणि वाक्य तिथेच राहिले. आम्हीही पुढे विचारले नाही.

नाशिकच्या द्राक्षबागांविषयी थोडे सांगितले पाहिजे. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे त्याला झोप नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, अशी दोनदा कात्री लावून बागाईतदार त्याला वळण लावतो आणि फळ जानेवारी ते मार्चमध्ये, पाऊस नसताना, हाती घेतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. हिवाळ्यात दिवस उबदार, रात्री गार, हे द्राक्षाच्या आंबट-गोडाला मानवते. नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी वाइनचा मोठा उद्योग उभा केला. नाशिकला १९९९ मध्ये राजीव सामंतांनी सुला सुरू केली. २००१ साली राज्य सरकारने ह्या धंद्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. वाइनचे द्राक्ष खाऊन पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. मणी लहान, साल जाड, बिया खंडीभर, आणि गोडी इतकी की आपली बिनबियांची थॉमसन तिच्यापुढे फिकी. कोल्ह्याला हीच द्राक्षे मिळाली नसावीत.

सरकारचे आणि वाइनचे नाते मात्र अजून अवघडलेलेच आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अद्याप आहे आणि त्याखाली पिण्याचा परवाना लागतो. तो काढून ठेवावा. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! शेतकऱ्याचे भले एका बाजूला आणि घराघरांतल्या सासूबाईंचे अनुभव दुसऱ्या बाजूला. माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंना आपापल्या जागी खरे बोलताना मी ऐकले आहे.

लाल वाइन हृदयाला चांगली, हे वाक्य मात्र कोणी तुमच्याकडे आणले तर दारातूनच परत पाठवा. १९९१ साली अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ते गाजवले आणि तिकडे लाल वाइनचा खप एकदम वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटले आहे की मद्यार्काचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. ज्यांना औषधे चालू आहेत, यकृताचे दुखणे आहे, दिवस गेले आहेत किंवा ज्यांच्या रक्तातच बाटलीची ओढ आहे, त्यांनी ह्या खेळात नाकाने भाग घ्यावा. वर सांगितलेच आहे की नाक पुरते. मुलांसाठी हाच खेळ कोकम, जांभूळ आणि करवंदाच्या सरबतांवर मांडावा. तुरट-आंबटाचे शिक्षण त्यातही पुरेपूर होते.

फराळाबरोबर लाल वाइन जमते का, हा दिवाळीचा प्रश्न. लाडू आणि करंजी दूर ठेवा. गोड खाल्ल्यावर वाइन कडू-आंबट लागते. तिखट शेवेने मद्यार्काचा दाह दुप्पट होतो. खारे शंकरपाळे, भाजलेले काजू, पनीर किंवा चीजचा तुकडा ह्यांनी तुरटपणा मवाळ होतो. चकली बरी, पण तीळ जास्त आणि तिखट कमी असलेली.

पुढच्या खेपेला जाती तीन घेण्याऐवजी एकच शिराझ तीन निरनिराळ्या गावांची घेऊन पाहा. किंवा एकाच बागेची पिंपात मुरलेली आणि न मुरलेली शेजारी ठेवा, मग लवंग कुठून आली ते आपोआप कळेल. पेला पांढऱ्या कागदावर कलता धरलात तर कडेच्या रंगावरून वयही दिसते: तरुण असेल तर जांभळट, मुरलेली असेल तर विटकरी. तारीख घालून सगळे एका वहीत लिहावे. आमच्या वहीची आता अकरा पाने भरली आहेत. त्यांतली पाच सासूबाईंच्या अक्षरात आहेत, आणि मोरीत किती ओतले त्याचा आकडा प्रत्येक पानाच्या तळाशी आहे.